कंसातले सभापती

घाटनांदूरच्या सभापतींनी भगवं घातलं ते निकालाच्या बाराव्या दिवशी. दुखवटा शास्त्राप्रमाणं पाळला, असं पारावरच्या मंडळींनी लगेच ठरवून टाकलं.

ही गोष्ट आहे, बातमी नव्हे. तेव्हा सभापतींचं नाव विचारू नये. तसंही त्यांना नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. पंचायत समितीचं सभापतिपद त्यांच्याकडं अडीच वर्षं होतं आणि ते सुटूनही पंधरा वर्षं उलटली होती. पण आपल्याकडं पद जातं, हाक राहते. निवृत्त मास्तर मरेपर्यंत गुरुजी असतो, तसे हे मरेपर्यंत सभापती.

यंदा जिल्हा परिषदेला उभे राहिले. तिकिटासाठी दोनदा पक्ष बदलला, तिकीट कुणीच दिलं नाही, मग अपक्ष म्हणून फॉर्म ठेवला आणि चौथ्या नंबरावर आले. चौथा नंबर फार वाईट. दुसऱ्या नंबराच्या माणसाला निदान ‘मला पाडलं’ असं म्हणता येतं. चौथ्याला कुणी पाडत नाही. तो आपला आपणच पडलेला असतो.

बारा दिवस फोन बंद होता. बाराव्या दिवशी पहाटे ते परळीला गेले, वैजनाथाचं दर्शन घेतलं आणि येताना भगवी लुंगी, भगवा सदरा, रुद्राक्षाची माळ असं सगळं घेऊन आले. खादीचे पांढरे कपडे गड्याला देऊन टाकले. गड्यानं ते एकच दिवस घातले. रस्त्यानं दोघातिघांनी नमस्कार केला, तेव्हा घाबरून त्यानं ते घडी करून पेटीत ठेवले.

“राजकारण सोडलं,” सभापती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. “चिखल हाय नुसता. आता देवाचं नाव.” आठवड्याभरात चौकात फ्लेक्स लागला. हात जोडलेला फोटो, मागं ढग, ढगातून येणारे किरण. नावापुढं मोठ्या अक्षरांत ‘महाराज’ आणि खाली जरा बारीक, कंसात, ‘माजी सभापती’.

तो कंस पहिल्यांदा गुरुजींच्या नजरेला आला. सभापती पाचवीत असताना त्यांना गुरुजींनी मराठी शिकवलं होतं, विरामचिन्हांसकट.

फ्लेक्स लागल्यानंतर दोन दिवसांनी एक मावशी सभापतींच्या ओट्यावर आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. नवरा ऊसतोडीला जायचा, तिकडंच आजारानं गेला. तेव्हापासून तिला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळत होते. ते चार महिन्यांपासून बंद झाले होते.

“ब्यांकेत म्हनतात वरूनच आलं न्हाई. तहसीलात म्हनतात हयातीचा दाखला न्हाई. म्या म्हनलं, बाबा, मी तुझ्यापुढं हुबी हाय की. तर म्हने, तसं चालत न्हाई, कागद पायजे.”

सभापती डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडता म्हणाले, “मावशे, म्या आता ते समदं सोडलं. देवाला सांग.”

“देवाला कागद लागत न्हाईत,” मावशी म्हणाली, “म्हून तर तुमच्याकडं आले.”

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिला जे वाटलं ते ती बोलली. सभापतींनी माळेचा पुढचा मणी ओढला. मावशी थोडा वेळ बसली, मग पिशवी उचलून गेली.

घाटनांदूरचं स्टेशन ज्यांनी पाहिलं असेल त्यांना माहीत आहे, तिथं गाडीपेक्षा वाट बघणं जास्त होतं. परळीहून निघालेला रूळ इथून लातूर रोडकडं जातो आणि पुढं बीदर, विकाराबाद करत हैदराबादला पोचतो. निजामाच्या काळातला मार्ग. अंबाजोगाई एवढं तालुक्याचं गाव, पण तिथं रेल्वे नाही. गाडी धरायची तर अंबाजोगाईकर इथं येतात, नाहीतर परळीला जातात. गुरुजी रोज संध्याकाळी फलाटावरच्या कडेच्या बाकावर येऊन बसत. वय चौऱ्याऐंशी. जायचं कुठंच नसे. आलेली गाडी बघायची, गेलेली बघायची आणि घरी जायचं.

त्या दिवशी मी हैदराबादच्या गाडीसाठी शेजारच्या बाकावर होतो, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. सभापती आले, गुरुजींच्या पाया पडले. भगव्या कपड्यातल्या माणसानं पाया पडावं की पडून घ्यावं, याचा त्यांना क्षणभर गोंधळ झालेला दिसला. पण पाचवीची सवय जिंकली.

“गुरुजी, येत्या सतरा सप्टेंबरला शाळेत तुम्हीच बोलनार ना?”

“जीव राहिला तर बोलेन.”

“मग दोन शब्द आपल्याबद्दलबी टाका. म्हंजे कसं, मुक्तिसंग्रामाचा दिवस हाय, स्वामीजींचा विषय निघतोच. स्वामी रामानंद तीर्थांनी आधी राजकारण केलं, मग संन्यास घेतला. आपलंबी तसंच हाय. फरक असंल थोडाफार.”

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा घातला.

“आधी राजकारण अन् मग संन्यास, हे कुणी सांगितलं तुला?”

“आसंच असतंय की. समद्यांचंच.”

“बस इथं,” गुरुजी म्हणाले. “गाडीला अजून अर्धा तास उशीर आहे.”

गुरुजींनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण गुरुजी मधून मधून खोकत होते आणि सभापती मधून मधून फोन बघत होते.

मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म 3 ऑक्टोबर 1903, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. शिकायला सोलापुरात. 1 ऑगस्ट 1920 ला टिळक गेले, तेव्हा या मुलाला सतरावं चालू होतं. त्यानं तेव्हा मनाशी ठरवलं की लग्न करायचं नाही, देशाचं काम करायचं. या वयात पोरं असलं पुष्कळ काही ठरवतात. यानं ते पाळलं, एवढाच फरक. पण तो थोडाथोडका नव्हे. असहकाराच्या हाकेवर सरकारी शाळा सोडली, अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग पुण्याच्या टिळक महाविद्यालयात शिकला. लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला. काही काळ ना. म. जोशींच्या हाताखाली कामगारांचं काम केलं. आणि मग 1929 साली निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत येऊन पडला. शहर सोडून खेड्यात, ब्रिटिश मुलूख सोडून निजामाच्या मुलखात. तिथं असतानाच संन्यास घेतला. स्वामी रामतीर्थांच्या विचारांचा ओढा होता. नाव मिळालं रामानंद तीर्थ.

“म्हणजे भगवं आधी,” गुरुजी म्हणाले. “तेव्हा वय तिशीच्या आत-बाहेर. हरायला अजून काही जिंकलेलंच नव्हतं. निजामाच्या राज्यात साधी सभा भरवायची तर परवानगी लागायची. गश्ती निशान 53 म्हणून फर्मान होतं. जिथं सभाच घेता येत नाही तिथं पडणार कुठून माणूस?”

सभापती काही बोलले नाहीत. ‘पडणार’ हा शब्द त्यांना त्या दिवसांत कुठल्याही वाक्यात बोचत असे.

1935 मध्ये स्वामीजी आणि त्यांचे सोबती अंबाजोगाईला आले. तेव्हा कागदोपत्री गावाचं नाव मोमिनाबाद. योगेश्वरी नूतन विद्यालयाचे ते मुख्याध्यापक झाले. भगव्या कपड्यातला हेडमास्तर. बाबासाहेब परांजपे हेही त्याच शाळेत. मराठवाड्यातल्या पुढच्या सगळ्या लढ्याचं बियाणं कुठं रुजत घातलं होतं म्हणाल, तर अशाच दोन-तीन शाळांत. 1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हापासून या माणसाला शाळेची भिंत अपुरी पडायला लागली. 1938 मध्ये त्यांनी शाळा सोडली.

“हे सोडणं नीट बघ,” गुरुजी म्हणाले. “शाळा बंद पडली म्हणून सोडली नाही. संस्थेनं काढलं म्हणून सोडली नाही. चांगली चाललेली शाळा होती. तिच्यापेक्षा अवघड काम पुढं दिसलं म्हणून सोडली. अवघडाकडून सोप्याकडं जाण्याला सोडणं म्हणत नाहीत, सुटणं म्हणतात.”

हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच निजाम सरकारनं तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबर 1938 मध्ये सत्याग्रह, तुरुंग. सुटले, 1940 मध्ये पुन्हा तुरुंग. 1942 मध्ये पुन्हा. 1946 साली बंदी उठली आणि स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले. जून 1947 मध्ये मुशिराबादच्या अधिवेशनात संस्थान भारतात विलीन झालंच पाहिजे, अशी भूमिका घेतली. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला आणि तिरंगा हाती घेतला म्हणून हे पुन्हा आत. नोव्हेंबरअखेर सोडलं, 26 जानेवारी 1948 ला परत धरलं. सुटले ते पोलीस कारवाईनंतर, सप्टेंबरात. आपण ज्या सतरा तारखेला शाळेत झेंडा लावतो, तीच ती 1948 सालची सतरा.

“अन् मग मंत्री झाले,” सभापती म्हणाले. त्यांच्या हिशोबानं आता तिथंच यायला हवं होतं.

“नाही झाले. 1952 ला हैदराबाद राज्याचं मंत्रिमंडळ आलं, बुर्गुला रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेत गेले. पक्षात रामकृष्णरावांचा एक गट होता, स्वामीजींचा एक.”

सभापती एकदम सरळ बसले. “म्हंजे गटबाजी त्यांनीबी केली!”

“गट होता. झाकायचं कशाला?” गुरुजी शांतपणे म्हणाले. “भगव्यानं माणूस धुऊन निघत नाही रे. तो राजकारणात होता, राजकारणातली धूळ त्याच्याही अंगावर बसली. मी काही त्यांना देव करायला बसलो नाही. देव केला की आपल्याला त्याच्यासारखं वागायचं काम उरत नाही.”

इथं गुरुजींना जोराची ढास लागली. मी पाण्याची बाटली दिली. समोरच्या रुळावर एक कुत्रं झोपलं होतं. गाडीला किती उशीर आहे ते त्याला आमच्यापेक्षा चांगलं माहीत असावं.

पाणी पिऊन गुरुजींनी जे सांगितलं, ते मला सगळ्यांत मोलाचं वाटलं, आणि शाळेतल्या भाषणांत ते सहसा येत नाही. हैदराबाद राज्यात तीन भाषांचे मुलूख होते: तेलुगू, मराठी, कन्नड. या राज्याचे भाषेप्रमाणं तीन भाग करून शेजारच्या राज्यांना जोडावेत, ही मागणी स्वामीजींनी लावून धरली. म्हणजे ज्या राज्याच्या काँग्रेसचे ते पुढारी, ते राज्यच नकाशावर राहू नये असं ते मागत होते. आणि 1 नोव्हेंबर 1956 ला तसं झालं. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कन्नड जिल्हे म्हैसूरला, तेलंगण आंध्रात.

“आता मला सांग,” गुरुजींनी विचारलं, “या वाटणीत त्यांचा वाटा कोणता? जन्म कन्नड मुलखातला. उमेदीतलं काम मराठी मुलखात, आपल्या अंबाजोगाईत. राहणं हैदराबादेत, तेलुगू मुलखात. पहिली लोकसभा गुलबर्ग्यातून लढवली, दुसरी, 1957 ची, औरंगाबादेतून. वाटणीत ज्याच्या स्वतःच्याच तीन फाका होणार होत्या, तोच माणूस वाटणी मागत होता. आपली गल्ली दुसऱ्या वॉर्डात गेली तर तू कलेक्टर कचेरीपुढं उपोषणाला बसला होतास. आठवतंय?”

सभापतींना आठवत होतं. उपोषण साडेचार तास चाललं होतं.

“पण गुरुजी, शेवटी सोडलंच की त्यांनी!”

“सोडलं. 1962 नंतर ते लोकसभेत नव्हते. खादी होती, शिक्षण होतं, विनोबांचं भूदान होतं. भूदान सुरूच मुळी तिकडच्या मातीत झालं, 18 एप्रिल 1951, पोचमपल्ली, पहिली शंभर एकर. 1967 साली मुक्तिलढ्याच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. 22 जानेवारी 1972 ला हैदराबादेत गेले. आता अंगावरच्या कपड्यांचा हिशोब कर. हिप्परग्याला जे वस्त्र घेतलं, तेच शाळेत, तेच तुरुंगाच्या दारात, तेच लोकसभेत आणि लोकसभेतून बाहेर आले तेव्हाही तेच. कपडे बदलायला त्यांना कधी बाराव्या दिवसाची वाट बघावी लागली नाही.”

सभापतींनी भगव्या सदऱ्याची बाही उगीच खाली ओढली. सदरा नवा होता, घडीच्या रेषा अजून मोडल्या नव्हत्या.

गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाले, “जगात काय एक स्वामीजीच झाले का? सत्ता सोडून देवाकडं गेलेले लोक असतीलच की.”

“असतील. उलट्या वाटेनं गेलेलेही आहेत. अमेरिकेत 1789 साली पहिलं प्रतिनिधीगृह भरलं, त्याचा पहिला सभापती, तुझ्यासारखाच सभापती बरं का, फ्रेडरिक म्युलेनबर्ग. हा मूळचा चर्चमधला पाद्री. झगा उतरवून राजकारणात आला. 1796 ला इंग्लंडबरोबरच्या तहावरून सभागृह दुभंगलं, मतं समसमान पडली आणि निर्णायक मत याच्यावर आलं. यानं तहाच्या बाजूनं दिलं. लोक खवळले. सख्ख्या नातलगानं सुरा मारला म्हणतात. पुढच्या सभागृहात हा गडी नव्हता. पण त्यानं काही पुन्हा झगा शोधून काढला नाही, की मी आता देवाचा माणूस, मला विचारू नका.”

“अन् आपल्याकडचं बघायचं तर,” गुरुजी पुढं म्हणाले, “शेवगावचे बाळासाहेब भारदे. 1962 ते 1972, दहा वर्षं विधानसभेचे अध्यक्ष. आणि कीर्तनकार. एकासाठी दुसरं टाकावं लागलं नाही त्यांना.”

“मग मीबी कीर्तन करतो,” सभापती उसळून म्हणाले.

“कर की. कोण नको म्हणतंय? चांगला आवाज आहे तुझा, प्रचाराला ऐकलाय.” गुरुजी हसले. मग एकाएकी हसायचे थांबले. “मला एक सांग. तू आजवर किती जणांना स्वारातीत नेलंस?”

स्वाराती म्हणजे अंबाजोगाईचं सरकारी हॉस्पिटल. अपघात असो, बाळंतपण असो, साप चावलेला असो, आसपासच्या गावांत पहिला शब्द हाच निघतो: स्वारातीत न्या.

सभापतींचा चेहरा उजळला. हा त्यांचा प्रांत होता. “मोजले न्हाईत. शंभराच्या वर आसतील. रातच्या दोनला फोन आला तरी गाडी काढली हाय मी. तिथल्या शिपायापासून समदे वळखतात.”

“स्वाराती म्हणजे काय?”

“हॉस्पिटल.”

“स्वा, रा, ती.”

सभापतींचे ओठ हलले. एक एक अक्षर सुटं करताना दिसले. स्वामी. रामानंद. तीर्थ. पंधरा वर्षं रोज तोंडात असलेलं नाव त्यांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा उच्चारलं असावं. नांदेडच्या विद्यापीठालाही तेच नाव आहे आणि तेही लोकांनी असंच आखूड करून टाकलंय. आपण माणसाचं नाव एखाद्या इमारतीला दिलं की पहिल्यांदा माणूस गळतो, मग नाव गळतं, आणि शेवटी फक्त इमारतीचा पत्ता राहतो. हे माझं मत, गुरुजींचं नव्हे. गुरुजींना तेव्हा वेगळंच काहीतरी म्हणायचं होतं.

“शंभर माणसं नेलीस,” ते म्हणाले. “रात्री दोनला नेलीस. बिन भगव्याचा होतास तेव्हा. आणि परवा ती मावशी तुझ्या ओट्यावरून परत गेली.”

सभापती गप्प.

“माझ्याकडं आली होती ती. उद्या मी तिला घेऊन तहसीलला जाणार आहे. मला तिथं कुणी ओळखत नाही. कुठल्या टेबलाला काय द्यायचं, तेही मला कळत नाही. चौऱ्याऐंशीचा आहे, जिने चढवत नाहीत. पण जाईन. तुला तिथली टेबलं पाठ आहेत. कपडे देऊन टाकता येतात रे गड्याला. ओळखी नाही देता येत.”

लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला. रुळावरचं कुत्रं उठलं, अंग झाडलं आणि फलाटावर आलं. मी सामान उचललं. डब्याच्या दारातून मागं बघितलं तेव्हा दोघं तसेच बसलेले होते, बाकाच्या दोन टोकांना, मध्ये माझी रिकामी पाण्याची बाटली.

पुढं काय झालं ते मला दिवाळीला गावी आलो तेव्हा कळलं, तेही मावशीकडून. ती आमच्याकडं शेंगा निवडायला आली होती. पैसे पुन्हा सुरू झाले, म्हणाली. कसे, विचारल्यावर तिनं सगळं सांगितलं, पोहऱ्यानं पाणी काढल्यासारखं, थांबून थांबून.

सकाळी गुरुजींच्या दारात ती पोचली तर तिथं भगवे कपडे. सभापती. गुरुजींना त्यांनी घरीच बसवलं. एसटीनं अंबाजोगाईला गेले. जीप होती, पण जीपवर अजून जुन्या निवडणुकीचं चिन्ह रंगवलेलं होतं म्हणून ती काढली नसावी, असा माझा तर्क. कंडक्टरनं मावशीचं अर्धं तिकीट फाडलं, महाराजांचं पूर्ण. “म्या म्हनलं, बायांना अर्धं असतंय, महाराजाला न्हाई का? तर कंडक्टर हसला. ते न्हाई हसले.”

तहसीलात गर्दी होती. सभापती सवयीनं सरळ आत जायला निघाले, तर दारावरचा नवा शिपाई म्हणाला, “महाराज, वर्गणी असेल तर दुपारनंतर या.” त्यांनी त्याला काहीच सांगितलं नाही. रांगेत उभे राहिले. मावशीच्या सांगण्यावरून दीड तास. एवढा वेळ त्या माणसाला न बोलता उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही. आणि कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही. मधून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं जाऊन आधार कार्डाच्या दोन प्रती आणल्या. एकीवर मावशीचा फोटो काळा उमटला होता, ती बदलून आणली.

टेबलावरची मुलगी नवीन होती. तिनं कागद चाळले, मावशीकडं बघितलं, म्हणाली, “ह्या बाईंना ओळखणारं कोण आहे?”

“मी.”

“मग इथं सही लागेल. नाव, वय, धंदा, राहणार. सगळं लिहा.”

मावशीला लिहितावाचता येत नाही. पण गावाकडच्या न शिकलेल्या बायका लिहिणाऱ्याच्या हाताकडं जेवढ्या बारकाईनं बघतात, तेवढं शिकलेले लोक वाचतानाही बघत नाहीत. ती सांगत होती: नाव भराभर लिहिलं. आकडा लिहिला, ते वय. मग पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. मागचा माणूस म्हणाला, ओ महाराज, आटपा. मग दोन अक्षरं लिहिली.

“कोणती?” मी विचारलं.

“मला काय ठावं? पोरीनं मोठ्यानं वाचलं, शेती म्हने. मग त्यांनी त्याच्या फुडं एक चंद्रकोर काढली.”

“चंद्रकोर?”

मावशीनं शेंगेच्या टरफलानं जमिनीवर काढून दाखवली. बारीक, डावीकडं फुगलेली, उजवीकडं उघडी.

“अन् पुढं काय लिहिलं?”

“काय न्हाई,” मावशी म्हणाली. “तसंच ठिवलं. मग शाईची डबी माज्याकडं सरकवली अन् माजा अंगठा धरून कागदावर टेकवला.”